वाळवंटातल्या नऊ योद्ध्यांची नावे: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नमुन्यादाखल बांधले आहे. त्यातल्या चुका मात्र मराठी काल्पनिक कथांच्या आणि खेळांच्या मसुद्यांत हमखास भेटतात.

परिस्थिती अशी. टेबलाभोवती बसून खेळायच्या एका मराठी भूमिका-खेळासाठी, म्हणजे जिथे प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन बोलतो अशा खेळासाठी, मोहीम (खेळायची गोष्ट) लिहायची आहे. खेळाडू पाच, शिवाय खेळ चालवणारा एक. मोहिमेत मिठाचा काफिला वाळवंट ओलांडतो. वाटेतल्या विहिरी एका टोळीच्या ताब्यात आहेत आणि त्या टोळीतले नऊ लढवय्ये खेळाडूंना पुन्हा पुन्हा भेटणार आहेत, कधी शत्रू म्हणून तर कधी वाटाडे म्हणून. याच मोहिमेवरून पुढे कादंबरिका लिहायचा विचार आहे. म्हणजे नावे बोलायला सोपी हवीत, तशीच छापील मजकुरातही ती दोनशे पाने टिकली पाहिजेत.

पहिल्या मसुद्यातली यादी ही: अल-झारा, अब्दुल, खालिद बिन वलीद, झ'खार, जफर, जाफर, मुर्रा, तीन-हिनान, मरुवीर.

वरवर पाहता यादी वाळवंटी वाटते. नीट पाहिली तर नऊपैकी एकही नाव जसेच्या तसे ठेवता येत नाही, आणि जवळजवळ प्रत्येकाचे कारण वेगळे आहे.

पहिली यादी कुठे मोडते

"अल-झारा"मधले "अल" हा अरबीतला निश्चितवाचक उपसर्ग आहे. अरबी नावात तो सहसा शेवटच्या भागात येतो, म्हणजे टोळी, गाव किंवा बिरुद सांगणाऱ्या भागात. अब्स टोळीचा अंतरा इब्न शद्दाद म्हणून "अल-अब्सी". माणसाचे पाळण्यातले नाव आधी असते आणि "अल" मागून येते. नुसते "अल-काहीतरी" हे आडनावाने हाक मारल्यासारखे होते. शिवाय मराठी वाचकाला झारा म्हणजे कढईतून भजी काढायचा झारा. तलवार उपसून उभ्या असलेल्या माणसाला हे नाव दिले की प्रसंग तिथेच संपतो.

"अब्दुल" हे अर्धेच नाव आहे. अब्द म्हणजे दास. पुढे ईश्वराचे एखादे नाम आले, की अब्द-अर-रहमान असे पूर्ण नाव होते. आपल्याकडे बोलण्यात अब्दुल चालते, पण अरबी बोलणाऱ्या टोळीचा प्रमुख स्वतःची ओळख तशी करून देणार नाही. दुसरे म्हणजे हे नाव एका जिवंत धर्माचे आहे. ज्या कल्पित जगात तो धर्मच नाही, तिथे हे नाव कुठून आले याचे उत्तर लेखकाला देता येत नाही.

"खालिद बिन वलीद" ही प्रत्यक्ष व्यक्ती आहे, पैगंबरांचे सहकारी आणि सातव्या शतकातले सेनानी. त्यांचे पूर्ण नाव भाडोत्री लुटारूला देणे म्हणजे कोणाच्या तरी श्रद्धेवर न विचारता पाय ठेवणे. मराठी वाचकांत कोकणातले, मराठवाड्यातले, सोलापूर-मिरजेकडचे मुसलमान वाचकही आहेत, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. नुसते "खालिद" हे सर्रास वापरातले नाव आहे, त्याला हरकत नाही. अडचण त्या तिन्ही शब्दांच्या जोडीची आहे.

"झ'खार"मधला अपॉस्ट्रॉफी रोमन लिपीतल्या काल्पनिक कथांतून आला आहे. अरबीचे काही कंठ्य वर्ण रोमनमध्ये लिहिताना ते चिन्ह लागते, तिथे त्याला काम असते. देवनागरीत त्याला उच्चारच नाही. मोठ्याने वाचणारा तिथे अडखळतो आणि मग प्रत्येक जण आपापल्या परीने वाचतो.

जफर आणि जाफर यांत एका काना-मात्रेचा फरक. दोघे एकाच लढाईत असले की कोणावर वार झाला हे खेळ चालवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्यात मराठी "ज"चे दोन उच्चार: "जीव"मधला आणि "जहाज"मधला. पाच खेळाडू हे नाव दोन तऱ्हांनी घेतील.

"मुर्रा" हे नाव शोधून आणलेले दिसते. अल मुर्रा ही अरबस्तानातल्या रुब-अल-खाली या वाळवंटाशी निगडित असलेली खरी बेदुइन (भटक्या अरबांची) टोळी. वाळूतला माग काढण्यात तिचे लोक नावाजलेले. पण ज्याच्या घरी दूधदुभते आहे त्याला मुर्रा म्हणजे म्हैस, दुसरे काही नाही. अभ्यास बरोबर असूनही नाव पडते ते असे.

"तीन-हिनान" सहारातले. तुआरेग लोकांच्या परंपरेत तिन हिनान ही आद्य राणी, आणि अल्जीरियातल्या अबालेस्सा इथे 1925 मध्ये उत्खनन झालेली कबर तिची मानली जाते. त्यातले "तिन" म्हणजे "अमुक गोष्टीची". दीर्घ "ती" लिहिला की मराठीत तीन माणसे होतात. आणि एका समाजाची आद्य माता कल्पित टोळीत दुय्यम पात्र म्हणून उचलणे बरे नाही.

उरले "मरुवीर". संस्कृत शब्द जोडून केलेली अशी नावे पौराणिक मालिकेत शोभतात. वाळवंटातल्या आईने मुलाचे नाव "वाळवंटातला वीर" असे ठेवले असेल का? जो समाज वाळूतच राहतो त्याला वाळूचे नवल नसते. त्याच्या नावांत पाऊस असतो, झाड असते, जनावर असते, आजोबा असतो.

नऊ नावांत इतके वेगवेगळे दोष दिसले, तरी मूळ एकच आहे. प्रत्येक नाव ऐकायला कसे वाटते यावरून निवडले गेले. ते कोणी ठेवले, कशासाठी ठेवले आणि आता त्या नावाने कोण हाक मारते, हे कुठेच ठरलेले नाही. म्हणून नावे दुरुस्त करत बसण्याऐवजी यादी बाजूला ठेवली आणि आधी नाव ठेवण्याची रीत ठरवली.

खऱ्या वाळवंटांत नाव कसे पडते

इराकमधल्या बसऱ्यात जन्मलेला भाषापंडित इब्न दुरैद (इ.स. 837–933) याने अरबी नावांच्या व्युत्पत्तीवर ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रश्नोत्तर आहे. अरब आपल्या मुलांना कुत्रा, लांडगा, सिंह अशी उग्र नावे देतात आणि गुलामांना मात्र गोड नावे, असे का? उत्तराचा आशय असा: मुलांची नावे शत्रूंसाठी असतात, गुलामांची स्वतःसाठी.

योद्ध्यांची नावे ठरवणाऱ्याला यातून फार मोठे हत्यार मिळते. कल्ब म्हणजे कुत्रा, आणि बनू कल्ब ही मोठी टोळी. असद, लैथ, उसामा हे तिन्ही सिंहवाचक. हर्ब म्हणजे युद्ध. तल्हा हे बाभळीच्या जातीतले काटेरी झाड. हनझला म्हणजे इंद्रावण, आपल्याकडे कडू वृंदावनही म्हणतात. वाळूत वेल पसरतो, फळ पिवळे देखणे, आणि चव अशी की तोंडात धरवत नाही. मुलाचे नाव इंद्रावण ठेवणारा बाप शत्रूला सांगतो आहे की याला गिळता येणार नाही.

आता दुसरी बाजू पाहा. गुलामांना मालकाने दिलेली नावे काफूर (कापूर), अंबर (सुगंधी द्रव्य), याकूत (माणिक), लुलू (मोती). दहाव्या शतकात इजिप्तचा कारभार हाकणारा काफूर मूळचा गुलाम, आणि त्याची उपाधी "अबुल मिस्क", कस्तुरीचा बाप. मराठी वाचकाला हे परके नाही. अहमदनगरची निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर (मृत्यू 1626) हबसाणातून (आजच्या इथिओपियातून) विकला गेलेला. त्याचे जन्मनाव चापू असल्याचे सांगतात आणि अंबर हे मालकाने दिलेले. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत, ज्याने 1689 मध्ये मुंबईला वेढा घातला, त्याचे मूळ नाव कासिम आणि याकूत ही बादशहाने दिलेली पदवी, पण शब्द त्याच जातीचा. नावात अत्तर आणि रत्ने, आणि हाताखाली फौज. दरबारी थाटाचे वाटणारे नाव प्रत्यक्षात विक्रीची खूण असू शकते, ही जाण कथेत आली की पात्राला एकदम वजन येते.

गोबीच्या बाजूला तिसरी तऱ्हा. मंगोल लोकांत नेरगुई म्हणजे "नाव नाही" आणि एनेबिश म्हणजे "हा नव्हे" अशी नावे आहेत. आधीची मुले गेली असतील तर पुढच्याकडे अशुभाचे लक्ष जाऊ नये म्हणून. आपल्याकडचे दगडू, धोंडू, केरू, भिकू याच पोटतिडकीतून आलेले. मराठी वाचकाला याचे स्पष्टीकरण लागतच नाही, एक वाक्य पुरते.

तुआरेगांकडे वडिलांचे नाव "अग" (मुलगा) किंवा "उल्त" (मुलगी) या शब्दाने जोडतात. अल्जीरियातल्या अहग्गार या डोंगराळ प्रदेशाचा 1905 ते 1920 या काळातला प्रमुख मूसा अग अमास्तान, हे उदाहरण. गटाचे नाव "केल" अधिक प्रदेश: केल अहग्गार, केल अज्जेर. राजस्थानात हेच काम नावाच्या शेपटाला येते. चांपाचे वंशज चांपावत, कूंपाचे कूंपावत, शेखाचे शेखावत. तिथली जुनी नावे दोन-तीन अक्षरांची, ठसठशीत: जोधा, बीका, जैता, पाबू, हडबू, गोगा. गोष्ट थरमध्येच घडत असेल तर नवी नावे रचायची गरजच नाही, हीच वापरावीत. आपले प्रकरण कल्पित वाळवंटातले आहे, म्हणून कोणत्याही एका समाजाची नावे न उचलता या रीतींतून टोळीची रीत बांधली.

टोळीची रीत

चार गोष्टी कागदावर आल्या.

एक, प्रत्येक मुलाला जन्मनाव मिळते. ते टोळीच्या कल्पित भाषेतले, बिनअर्थाचे नाही, पण अर्थ वाचकाला सांगितलाच पाहिजे असेही नाही.

दोन, पहिल्या लढाईनंतर शत्रू जे म्हणतो ते लढाऊ नाव होते. ते स्वतः घेता येत नाही.

तीन, वयाने मोठ्या माणसाला जन्मनावाने हाक मारत नाहीत, मुलाच्या नावाने मारतात. अरबीत अबू अमुक, उम्म अमुक. आपल्याकडे "बंडूची आई", "गणूचे बाबा".

चार, टोळीने सोडवून आणलेल्या बंदिवानांना मालकाने दिलेले नाव चिकटलेले असते. ते टाकायचे की ठेवायचे हे त्यांचे त्यांनी ठरवायचे.

या चौथ्या मुद्द्यामुळे मोहिमेत आपोआप दोन उपकथानके तयार झाली. रीत पक्की असली की ती गोष्टही पुरवते, हा फायदा नुसत्या यादीतून मिळत नाही.

ध्वनींची चाळणी

टोळीच्या भाषेसाठी 13 व्यंजने ठेवली: त, द, न, ग, ब, म, य, र, ल, व, श, स, ह. स्वर अ, आ, इ, उ, ए. ट-वर्ग आणि ळ पूर्ण वर्ज्य, कारण ते आले की नाव लगेच सातारा-सांगलीचे किंवा मारवाडचे वाटू लागते. ख, घ, भ यांसारखे महाप्राण वर्ज्य, कारण "ख" आणि "घ" पेरून रानटीपणा दाखवायची सवय फार जुनी आणि फार स्वस्त आहे. च, ज, झ दुहेरी उच्चारामुळे गेले. जोडाक्षर नको, नाव तीन अक्षरांपेक्षा लांब नको.

या व्यंजनांतून 40 शब्द तयार केले. इतके लागतातच, कारण गळती मोठी असते. पहिला घाव ओळखीच्या शब्दांशी टक्कर होणाऱ्यांवर. "लसुन" गेले, लसूण आठवते. "उबेर" गेले, टॅक्सी आठवते. "इसारा" म्हणजे इशारा, "सेगार" म्हणजे सिगार. "नेसाला" स्त्रीसाठी बरे वाटले होते, पण वाक्यात आले की साडी नेसायचीच गोष्ट वाटते. "नेरुबा"ही स्त्रीसाठीच होते. मराठीत मात्र शेवटचा "बा" विठोबा-दादोबाचा, त्यामुळे वाचकाच्या डोळ्यांपुढे मिशीवाला म्हातारा उभा राहतो. ही तपासणी एकट्याने करू नये. वेगवेगळ्या भागांतल्या तीन-चार जणांना यादी नुसती वाचायला द्यावी आणि कुठे हसू येते ते पाहावे. घाटावरचा शब्द कोकणात काय होतो हे आपल्याला नेहमी ठाऊक नसते.

दुसरा घाव शुद्धलेखनाचा, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. मराठीत अकारान्त शब्दाचा उपान्त्य इकार-उकार दीर्घ लिहितात: फूल, खीर. म्हणून "बरुग" असे नाव लिहिले की मुद्रितशोधक "बरूग" करणार. विभक्ती लागली की प्रश्न वाढतो. सोलापूरला, पण सोलापुरात. मग बरूगला की बरुगाला? दोनशे पानांत हे नाव चार तऱ्हांनी छापले जाते. उपाय सोपा आहे: अकारान्त नावात शेवटून दुसऱ्या जागी इ-उ ठेवायचेच नाहीत, आ किंवा ए ठेवायचा. "रुमेद" कोणीही दुसऱ्या तऱ्हेने लिहीत नाही.

तिसरा घाव लोपलेल्या अ-चा. "तमरद" हे तम-रद की त-म्रद? सगळी अक्षरे बिनकान्याची असली की वाचणारा अंदाज करतो. प्रत्येक नावात निदान एक ठळक स्वरचिन्ह हवे.

मग विभक्तीची कसोटी. एक ठरावीक वाक्य घ्यायचे आणि नावे त्यात घालून मोठ्याने म्हणायची: "रुमेदने यसागला हिबारच्या उंटावर बसवले." अडखळले नाही तर नाव पास. न-ने संपणाऱ्या नावाला "ने" लागला किंवा ल-ने संपणाऱ्याला "ला" लागला की जीभ घसरते. "मोहनने" आपण म्हणतोच, त्यामुळे ते चूक नाही, पण नऊ नावांत असे एखादेच असावे. शिवाय लढाईत हाक मारून पाहायची: "रुमेदा, मागे!" संबोधन होत नसेल असे नाव खेळात निरुपयोगी.

मोहीम पुढे संगणकावर न्यायची असेल तर आणखी एक गोष्ट. काही गेम इंजिनांत (खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरांत) देवनागरीची जुळणी नीट होत नाही. ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायच्याऐवजी उजवीकडे पडते, जोडाक्षर पाय मोडून उभे राहते. नऊ नावांत ऱ्हस्व इ असलेले एकच, हिबार, तेही एकदा पडद्यावर छापून पाहून मगच ठेवलेले.

स्त्री-पुरुष भेद दाखवायला आधी तुआरेगांच्या भाषेतली लकब घेतली होती. तिथे स्त्रीलिंगी शब्दांच्या सुरुवातीला "त" येतो. पण सगळ्या स्त्रियांची नावे "ता"ने सुरू झाली की पात्रपत्रिकेत त्या एकमेकींत मिसळतात. ज्या खेळात नावाच्या पहिल्या अक्षरावरून टिपणे केली जातात तिथे ते परवडत नाही. म्हणून ती लकब सोडली आणि स्त्रियांची नावे आकारान्त ठेवली.

शेवटी निवडलेली जन्मनावे सात, सातही वेगळ्या अक्षराने सुरू होणारी: रुमेद, शुवाद, लुतेम, यसाग, हिबार, गुवेमा, मेरुशा. टोळीचे नाव तेमार. टोळीच्या नावाला आणखी एक अट असते, त्याचे विशेषण आणि अनेकवचन व्हायला हवे. तेमारी उंट, तेमारांनी अडवले. दोन्ही बसतात.

लढाऊ नावे मराठीत

लढाऊ नावेही कल्पित भाषेत ठेवली असती तर वाचकाला नऊऐवजी अठरा अनोळखी शब्द पाठ करावे लागले असते. म्हणून ती सरळ मराठीत घेतली. अट एकच: ते झाड किंवा जनावर वाळवंटातही असायला हवे आणि मराठी वाचकाच्या ओळखीचेही.

ही अट दिसते तितकी कठीण नाही. तरस उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तानातून आपल्या माळरानापर्यंत आहे. फुरशाची जात सहारा, अरबस्तान, थर आणि कोकण सगळीकडे. खवले एकमेकांवर घासून ते खरखर करते आणि मग चावते. सराटा माणदेशात अनवाणी चाललेल्या कोणालाही माहीत आहे. इंद्रावण वर आलेच.

दोन नावे मात्र मोहात पाडून गेली. "निवडुंग" हवेहवेसे होते, पण फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला आहे, जुन्या जगातल्या वाळवंटात तो मुळात नव्हता. "घोरपड" वाळवंटात असते आणि चिवटही असते, पण मराठी मनात ती लगेच गडाच्या कड्याला चिकटते आणि मागोमाग घोरपडे घराणे आठवते. एवढा इतिहास कल्पित टोळीला पेलत नाही.

वाटणी अशी झाली. टोळीची म्होरकी गुवेमा, तिला शत्रू फुरसे म्हणतात. तिचा मुलगा रुमेद हा तरस. यसाग अंगाने लहान, रात्री उंटांच्या पायांत शिरून दोर कापतो, तो सराटा. लुतेम इंद्रावण. त्याच्या नावात लुटीचा सूर ऐकू येतो, तो मुद्दाम राहू दिला, कारण काफिल्यातले व्यापारी त्याच कानाने ते नाव ऐकणार. शुवादला लढाऊ नाव नाही. टोळीच्या भाषेत शुवाद म्हणजे "हा नको". तीन भावंडे गेल्यावर झालेला तो मुलगा आहे. त्याच्यावर दुसरे नाव चढू नये म्हणून आई त्याला पहिल्या फळीत जाऊ देत नाही. हिबार आणि मेरुशा अजून पहिल्या लढाईच्या वाटेवर आहेत. त्यांची लढाऊ नावे खेळ चालू असताना खेळाडूंच्या तोंडून पडावीत म्हणून ती जागा कोरी सोडली.

मराठी व्याकरण इथे विनामूल्य मदत करते. जन्मनावाला सामान्यरूप होत नाही: यसागने, यसागला. लढाऊ नाव मराठी नाम असल्यामुळे होते: सराट्याने, फुरशाने, इंद्रावणाला. कोणते नाव कोणत्या थरातले हे वाचकाला न सांगता कळत राहते.

वडिलांचे नाव जोडायलाही हाच मार्ग निघाला. "अग", "बिन" यांसारखा शब्द बनवायचा प्रयत्न आधी झाला. "उन" सुचले, ते ऊन झाले. खुद्द "अग" मूळचे असूनही कोणी दीर्घ लिहिले की आग होते. मग लक्षात आले की मराठीत हे काम षष्ठी करते. कोंडीबाचा म्हादू, शिर्क्यांची येसू. त्याच चालीने "हादेसचा लुतेम", "बुसेरची मेरुशा". गावावरून "-कर" लावण्याचा विचारही करू नये. विहिरीच्या नावाला "कर" लागला की टोळी थेट सदाशिव पेठेत येऊन उतरते.

दोन बंदिवान

आठवा आणि नववा मिठागराच्या मालकाकडून सुटून आलेले. मालकाने दिलेली नावे सुगंध आणि रत्न यांतलीच हवीत. "अंबर" आधी घेतले होते, पण मराठीत अंबर म्हणजे आकाश. वाचकाला मुक्त, मोठे नाव वाटते, नेमका उलटा अर्थ. "कापूर" घेतला तर आरती आठवते. शेवटी स्त्रीचे नाव अत्तर आणि पुरुषाचे पोवळे ठरले.

पोवळे हा साडेसहा फुटी भालाईत. नाव नपुंसकलिंगी आहे, आणि इथेच या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हाती लागली. मिठागराचा मुकादम म्हणतो, "पोवळे आले का?" तेमारी माणसे म्हणतात, "पोवळे आला का?" एका क्रियापदावरून कोण त्याला वस्तू समजतो आणि कोण माणूस हे दिसते. खेळ चालवणाऱ्याच्या टिपणात हे ठळक लिहून ठेवले पाहिजे, कारण बोलताना चुकून "आले" गेले तर पात्राचा कणाच मोडतो. त्याचे जन्मनाव लिहिणाऱ्याने ठरवून ठेवावे, तेही तेमारी ध्वनींत नको. तो वेगळ्या प्रदेशातला आहे, त्याच्या नावात "ट" किंवा "ख" आला तरच ते कानाला परके लागेल.

एक प्रसंग, आधी आणि नंतर

पहिल्या यादीने लिहिलेला विहिरीवरचा प्रसंग असा होता:

"मी आहे अल-झारा, वाळवंटाचा वाघ! माझ्यासोबत जफर आणि जाफर आहेत!"

नव्या रीतीने:

काफिल्याचा रखवालदार ओरडला, "फुरसे! फुरसे आले!"
उंटावरची बाई खाली उतरली. मागून कोणीतरी म्हणाले, "रुमेदची आई, दोर तपासलाय. सराट्याने कापून ठेवलाय."
"पोवळे कुठाय?"
"पोवळे आला. विहिरीवर उभाय."
तिने व्यापाऱ्याकडे पाहिले. "मी बुसेरची गुवेमा. पाणी आमचं. मीठ किती आणलंय?"

एकाच बाईला इथे तीन नावे आहेत. शत्रूचे, घरच्यांचे आणि तिने स्वतः करून दिलेली ओळख. खेळाडूने पुढे तिला कोणत्या नावाने हाक मारली यावरून खेळ चालवणारा तिची वागणूक ठरवू शकतो. अनोळखी माणसाने "रुमेदची आई" म्हटले तर ते आगाऊपणाचे, "फुरसे" म्हटले तर युद्धाचे, "गुवेमा" म्हटले तर बोलणी सुरू. वाळवंटात वाघ नसतो, ही जुन्या वाक्यातली चूक जाता जाता निघाली.

नोंदवही

नावे ठरली की वही बंद करू नये. प्रत्येक पात्रासमोर सहा रकाने ठेवावेत: जन्मनाव, ते कोणी व का ठेवले, लढाऊ नाव व ते कोणी दिले, घरातली हाक, ने-ला-च्या लावलेली रूपे, आणि क्रियापदाचे लिंग. शेवटचे दोन रकाने मुद्रितशोधकासाठी आहेत, त्याला ती वही मजकुरासोबतच द्यावी.

छापण्याआधी प्रत्येक नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये शोधून पाहावे. अपघाताने एखाद्या धर्मातले पूज्य नाव, खऱ्या टोळीचे नाव किंवा चालू राजकारणातली व्यक्ती निघू शकते. तीन अक्षरी नाव जगात कुठेतरी कोणाचे तरी असणारच, तेवढ्याने ते टाकायचे कारण नाही. टाकायचे ते तेव्हा, जेव्हा पात्राचे वागणे त्या खऱ्या नावावर डाग टाकेल.

मोहिमेत नवे पात्र अचानक लागते, खेळाडू भलत्याच माणसाशी बोलायला जातात. त्यासाठी 40 मधून उरलेल्यांपैकी चाळणीत टिकलेली दहा-बारा नावे वहीच्या शेवटच्या पानावर तयार असावीत आणि वापरले की लगेच खोडावे. नाही तर पाणक्या आणि सेनापती एकाच नावाचे निघतात.